निम्मं पाणी

३ फेब्रुवारी

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

मी परवा दुपारी सुखरूप पोचले. काल तू शेजारणीकडे फोन केलास, तिने मला हाक मारून नेलंही, पण मला नुसतं डराव डराव ऐकू आलं. चाळीस वर्षं इस्पितळात हत्यारं निर्जंतुक करायच्या वाफेच्या भांड्यांशेजारी काढल्यावर कान शाबूत राहणार कसे? शिवाय ती बाई सगळा वेळ माझ्या खांद्याला खांदा लावून उभी. तुझ्या नवऱ्याचं दुखणं साऱ्या गल्लीला कशाला? त्यापेक्षा आपलं पत्र बरं. तीन-चार दिवस लागतात, तर लागू देत.

घर ठीक आहे. तुझ्या स्वयंपाकघराबद्दल मी काही बोलणार नाही, तू आधीच काळजीत आहेस.

छोटूची ती माशांची टाकी मात्र बघवेना. बावन्न वर्षांचा घोडा झाला तरी खेळ सुटत नाहीत. नऊच्या नऊ सोनेरी मासे जागेवर आहेत, तो मोठा नारिंगी ‘हेडमास्तर’सुद्धा. काचेवर छोटूने त्याच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात कागद चिकटवलाय: ‘दिवसातून एकदा चिमूटभर दाणे. रविवारी पाव टाकी पाणी बदलणे. बाकी कशालाही हात लावू नये.’ हात लावू नये म्हणे! पाणी गाळायच्या त्या डबीचं झाकण उघडलं तर आत स्पंज, आणि त्यावर बोटभर तपकिरी शेवाळ. अंगावर शहारा आला. माझ्या विभागातून असं काही शस्त्रक्रियेच्या खोलीत गेलं असतं तर माझी नोकरी गेली असती. स्पंज चांगला वीस मिनिटं खळाखळा उकळला, तळाचे खडे उकळत्या पाण्यातून दोनदा काढले, काच आतून पुसली. आता टाकी बघशील तर ओळखणार नाहीस.

तिथे इस्पितळात छोटूचा पिवळेपणा उतरला का? जेवतो का? सविस्तर लिही, आणि मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

ताई


७ फेब्रुवारी

ती. वन्संना शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र आजच मिळालं, लगेच उत्तर लिहितेय, कारण घाई आहे. पत्र मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवत होते. ‘वीस मिनिटं खळाखळा उकळला’ इथपर्यंत आले आणि हे उशीवरून उठूनच बसले. म्हणाले, “ताईने माझा कारखाना जाळला!”

वन्सं, रागावू नका. त्या तपकिरी शेवाळात सूक्ष्म जंतू असतात म्हणे, आणि ते चांगले असतात. माशांच्या घाणीतून पाण्यात अमोनिया तयार होतो, तो विषारी. हे जंतू तो खाऊन टाकतात. ते मेले की पाणी दिसायला स्वच्छ, पण आत विष साचत जातं. कारखाना पुन्हा उभा राहायला महिना-दीड महिना लागतो. तोवर पाणी बदलत राहणं एवढंच आपल्या हातात.

ह्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. दाणे बंद करा, मासे आठवडाभर उपाशी राहिले तरी मरत नाहीत. टाकीखालच्या खणात अमोनिया तपासायचं औषध आहे. काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेऊन आठ थेंब टाकायचे. पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर वाईट, जितकं गडद तितकं वाईट. रोज निम्मं पाणी बदला. निम्म्याच्या वर कधीही नाही, माशांना धक्का बसतो. नवीन पाणी आदल्या दिवशी बादल्यांत भरून उघडं ठेवा, नळाच्या पाण्यातलं जंतुनाशक उडून गेलं पाहिजे. हे शेवटचं त्यांनी माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं.

त्यांची तब्येत तशीच आहे. यकृत काम करत नाही की डोक्यावर धुकं चढतं, आणि ते आधी अक्षरात दिसतं. म्हणून रोज सकाळी डॉक्टर त्यांच्याकडून कागदावर नाव लिहून घेतात आणि एक चांदणी काढून घेतात. नकाशाच्या कचेरीत तीस वर्षं काढलेला माणूस, चांदणी अगदी पट्टीने आखल्यासारखी. डॉक्टरही हसले.

आपली,
चिमणी


११ फेब्रुवारी

चि. चिमणीस आशीर्वाद.

तुझं पत्र आज आलं. मधले चार दिवस मी काय बघत बसले होते ते तुला काय सांगू. मासे सगळे वर येऊन तोंडं उघडत होते. मला वाटलं, भूक लागलीय. मी आणखी दाणे टाकले.

पत्र वाचलं आणि तोंडचं पाणी पळालं. खणातून औषध काढलं. आठ थेंब मोजताना दोनदा चुकले, दोनदा नव्याने सुरुवात केली. पाच मिनिटांत नळी मेंदीच्या पानासारखी हिरवीगार. एवढं गडद असेल असं वाटलं नव्हतं.

एक मासा गेला, चिमणे. पांढऱ्या शेपटीचा, सगळ्यांत लहान. छोटूला सांगू नकोस.

मी चाळीस वर्षं जंतू मारले. माझ्या हातून गेलेल्या चिमट्या-कात्र्यांनी एकाही माणसाला कधी बाधा झाली नाही, निवृत्तीच्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी हे सगळ्यांसमोर सांगितलं होतं. आणि इथे करायला गेले एक अन् झालं भलतंच. आता घरात बारा बादल्या भरून ठेवल्यात, न्हाणीघरात पाय ठेवायला जागा नाही. रोज निम्मं पाणी बदलीन. पण नुसतं निम्मं पुरेल का? विष एवढं चढलंय. त्याला विचार, आणि उलट टपाली कळव. मला माझ्या अकलेने आता काहीच करायचं नाही. तो सांगेल ते करीन, त्यात एक अक्षराचा बदल करणार नाही.

ताई


१५ फेब्रुवारी

ती. वन्संना नमस्कार.

घाईत लिहितेय. ह्यांना विचारलं. ह्यांचं म्हणणं, मासे काढून बादलीत ठेवा, टाकी पूर्ण रिकामी करा आणि नळाच्या ताज्या पाण्याने भरा. थेट नळाच्याच. साठवलेलं नको, ते शिळं होतं म्हणाले. मी पुन्हा विचारलं, पुन्हा हेच सांगितलं. तेव्हा तसं करा.

आम्ही ठीक आहोत. काळजी करू नका.

चिमणी


१९ फेब्रुवारी

चिमणे,

काल सकाळी तुझं पत्र मिळालं आणि दुपारपर्यंत मी सगळं केलं. आठ मासे जाळीने काढून बादलीत ठेवले. नळी लावून टाकी कोरडी केली. साठवलेल्या बारा बादल्या मोरीत ओतल्या, तेव्हा हात जरा थांबला होता. निम्म्याच्या वर कधीही नाही, असं तूच लिहिलं होतंस, त्याच्याच तोंडचं. पण म्हटलं, त्याची टाकी, त्याला कळतं. माझ्या शहाणपणाने काय झालं ते दिसतंच आहे. नळ सोडला, टाकी भरली, मासे सोडले.

पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग ते काचेवर आपटायला लागले. अंग घासायला लागले, उड्या मारायला लागले, दोन तर बाहेर जमिनीवर पडले. मी उचलून आत टाकत होते. कुणाला हाक मारावी ते कळेना. चार वाजेपर्यंत पाच गेले. त्यात हेडमास्तर. तो सगळ्यांत शेवटी गेला, कल्ले उघडे टाकून तळाशी आडवा. मी त्याच्यासमोर पाटावर बसून होते.

तीन उरलेत.

रात्रभर तुझी पत्रं पुढ्यात घेऊन बसले. एक गोष्ट विचारते. सात तारखेच्या पत्रात चांदणी होती. पंधरा तारखेच्या पत्रात चांदणी नाही. त्याने जेवण केलं का, हसला का, काही नाही. सगळ्या पत्रात ‘ह्यांचं म्हणणं’ तेवढं आहे, पण तुझे ‘हे’ कुठे आहेत? मी परिचारिका नव्हते, पण चाळीस वर्षं इस्पितळाच्या भिंतींत काढली. यकृताच्या रोग्यांचं काय होतं ते मला जेवणाच्या सुट्टीत रोज ऐकू यायचं. तेव्हा कान होते.

खरं सांग. मी तुझ्यावर ओरडणार नाही. पण मला अंधारात ठेवलंस तर मी उद्या गाडीत बसून तिथे येईन.

ताई


२२ फेब्रुवारी

ती. वन्संना शि. सा. नमस्कार.

ओरडा माझ्यावर. ओरडलात तर बरं वाटेल.

तुम्हाला टाकीबद्दल लिहिलं त्याच्या दोन दिवस आधीपासून ह्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. चांदणी काढायला सांगितली तर कागदभर नुसत्या रेघा मारल्या. हात पुढे धरायला सांगितला की पंजा आपोआप खाली पडतो, पुन्हा वर येतो, पुन्हा पडतो. मला ‘आई’ म्हणाले. सदऱ्याची बटणं तोडून पाण्याच्या पेल्यात टाकली आणि म्हणाले, “दाणे घातले.” मी हे सगळं बघत होते आणि त्याच माणसाला मी तुमचा प्रश्न विचारला.

का विचारला असं विचाराल. वन्सं, पंचवीस वर्षं घरातलं काहीही मोडलं, अडलं, की मी त्यांना विचारत आले. विचारलं आणि त्यांनी लगेच उत्तर दिलं, ठाम, मोठ्या आवाजात. मला इतका आनंद झाला! वाटलं, बघा, टाकीचं तर सगळं आठवतंय. दुसऱ्यांदा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. मी मुद्दाम तिसऱ्यांदा विचारलं नाही. मला भीती वाटली की उत्तर बदलेल. ते पाच मासे माझ्या त्या भीतीने मारले.

आणि कशामुळे हे झालं ते ऐका. अमोनियाच. तोच. माणसाच्या पोटातही तयार होतो, यकृत तो साफ करतं. ह्यांचं यकृत करत नाही म्हणून तो रक्तात चढतो आणि मेंदूत जातो. चाळीसच्या आत हवा, ह्यांचा एकशे ऐंशीवर गेलाय. उपाय एकच, एक गोड पाकासारखं औषध. त्याने दिवसातून तीन-चारदा पोट साफ होतं आणि विष बाहेर पडतं. पण ह्यांना त्याची लाज वाटते, पुन्हा पुन्हा उठावं लागतं म्हणून. शुद्धीवर होते तेव्हा माझी पाठ वळली की ते बेसिनमध्ये ओतत होते. मला नंतर कळलं.

आता नळीने औषध देतात. गेले चार दिवस डोळे उघडे असतात, पण आत कुणी राहत नाही असं वाटतं. डॉक्टर म्हणतात, उतरेल, पण प्रत्येक वेळी माणूस पूर्ण परत येईलच असं नाही. मी पलंगाशेजारी बसून असते. ते मरतील याची जेवढी भीती वाटते, त्यापेक्षा ते जगतील आणि मला ओळखणार नाहीत याची जास्त वाटते. हे मी कुणाला बोलू? तुम्हालाच लिहितेय.

एक मागते. शुद्धीवर आले की पहिलं मासेच विचारतील. त्यांना वाचून दाखवायला एक पत्र पाठवा. नऊच्या नऊ मजेत आहेत असं लिहा. खोटं लिहा, पण तुमच्या पद्धतीने लिहा.

चिमणी


२६ फेब्रुवारी

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

ओरडत नाही. ओरडायला तोंड कुठे आहे? आधी मीच स्पंज उकळला. तू विचारलंस कारण तू एकटी होतीस, आणि तुला एकटं सोडून मी इथे काच पुसत बसले. दोघींची चूक सारखीच आहे, मोजायला बसू नकोस.

इथलं खरं असं. तीन मासे जिवंत आहेत. पाणी चोवीस तास उघडं ठेवून रोज निम्मं बदलते. नळीतला हिरवा थोडा फिका झालाय, सकाळ-संध्याकाळ तपासते. परवा लाज सोडून पलीकडच्या रस्त्यावरच्या शोभेच्या माशांच्या दुकानदाराकडे गेले. सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मावशी, तुम्हाला घाण हवी.” आणि त्याच्या जुन्या टाकीतला बरबटलेला स्पंज पिशवीत घालून दिला. जन्मात पहिल्यांदा मी जंतू मागून आणले. हात लांब करून पिशवी धरून चालत होते, लोक बाजूला होत होते. त्या डबीत तो स्पंज बसवला आणि हात धुतले नाहीत लगेच, म्हटलं, राहू दे.

त्याच्यासाठी वेगळा कागद सोबत आहे. खोटं लिहायची मला सवय नाही, जमलंय का बघ. शुद्धीवर आला की कळव. नाही आला तरी कळव.

ताई

*(सोबतचा कागद)*

चि. छोटूस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे नऊच्या नऊ मासे मजेत आहेत. हेडमास्तर मी समोर गेले की शेपूट हलवतो. पाणी काचेसारखं, अमोनिया रोज शून्य, नळी पिवळीधमक. तरी मी आळस करत नाही, रोज निम्मं पाणी बदलते. तपासायच्या औषधाची बाटली संपत आलीय, नवी कुठली आणू ते सांग. तू लवकर बरा हो आणि चिमणीला छळू नकोस.

तुझी ताई


३ मार्च

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र चिमणीने वाचून दाखवलं. मी ते मागून घेतलं आणि स्वतः पुन्हा वाचलं. ताई, तू इस्पितळात चाळीस वर्षं काढलीस, कचेरीत काढली नाहीस म्हणून वाचलीस. अशी कच्ची खोटी नोंद आमच्याकडे शिकाऊसुद्धा करणार नाही.

अमोनिया रोज शून्य आहे तर रोज निम्मं पाणी कशासाठी बदलतेस? हौस म्हणून बादल्या उचलतेस? पासष्टाव्या वर्षी? बाटली मी जानेवारीत नवीन आणली होती, ती चाळीस वेळा पुरते. मी आठवड्यातून एकदा तपासतो. ती संपत आली म्हणजे तू दिवसातून दोनदा तपासतेस. शून्य बघायला कुणी दिवसातून दोनदा जात नाही. आणि हेडमास्तरने आठ वर्षांत माझ्यासमोरसुद्धा शेपूट हलवलं नाही, तो कुत्रा नाही. कागदावर लिहून ठेवलं होतं, बाकी कशालाही हात लावू नये. पालथ्या घड्यावर पाणी! आता सांग, किती मेले? स्पंज उकळला तेवढं मला आठवतंय. पण रोज निम्मं बदलत असताना खोटं लिहायची वेळ येत नाही, मासे मरतात ते टाकी एकदम रिकामी केली की. टाकी कुणी पूर्ण रिकामी केली? कुणाच्या डोक्यातून निघालं हे?

मला खरं हवं आहे. इथे सगळे माझ्याशी गोड बोलतात. डॉक्टर खांद्यावर थोपटतात. मधले आठ-दहा दिवस माझ्याकडे नाहीतच, कुणीतरी पानं फाडून नेल्यासारखे. चिमणीला विचारलं तर म्हणते, “झोपला होतात.” झोपून उठलेल्या माणसाकडे बायको अशी बघत नाही. मला फार भीती वाटते, ताई, आणि ती कशाची तेच मला कुणी सांगत नाही. तू सांगशील म्हणून लिहितोय.

बाकी डोकं आता स्वच्छ आहे. ते गोड औषध मी परवापासून अर्धंच घेतो. दिवसभर धावपळ करायला लावतं, माणसासारखं राहू देत नाही. आता गरज नाही.

छोटू

*ता. क.* वन्सं, हे सगळं त्यांनी एका बैठकीत, न खोडता लिहिलं. तुम्हाला रागावत होते आणि मी शेजारी बसून रडत होते, तर मला म्हणाले, “तुला काय झालं?” हाताला कंप अजून आहे. औषधाचं माझं ऐकत नाहीत. मी फार बोलले की म्हणतात, “मला वेड लागलंय का?” आणि मग मी विषय सोडून देते. — चिमणी


७ मार्च

चि. छोटूस आशीर्वाद.

तुझं रागावलेलं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं, कारण तू लहानपणापासून असाच भांडतोस, आणि हे भांडण मला पुन्हा ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

आता खरं. सहा गेले. तीन आहेत. आज सकाळी नळी पिवळट हिरवी होती, शून्य नाही. हेडमास्तर गेला, अठरा फेब्रुवारीला दुपारी चार वाजता, माझ्या डोळ्यांसमोर.

स्पंज मी उकळला. त्याने पहिला गेला, ते माझं पाप. बाकीचे पाच टाकी पूर्ण रिकामी करून थेट नळाचं पाणी भरल्यामुळे गेले. तू विचारलंस ना, हे कुणाच्या डोक्यातून निघालं? तुझ्या. तू चिमणीला तसं सांगितलंस. एकदा नाही, दोनदा, ठाम आवाजात. साठवलेलं पाणी शिळं असतं असंही म्हणालास. त्याच दिवसांत तू तिला आई म्हणत होतास आणि सदऱ्याची बटणं पेल्यात टाकून दाणे घातले म्हणत होतास. चांदणी काढता येत नव्हती. मग चार दिवस तू कुणालाच ओळखत नव्हतास आणि ती तुझ्या डोळ्यांत बघत बसली होती. ती झोप नव्हती. अमोनिया डोक्यात गेला होता, कारण तू औषध बेसिनमध्ये ओतत होतास.

हे तुला सांगू नये असं चिमणीला वाटतं. ती तुला घाबरवायला घाबरते. मी घाबरत नाही असं समजू नकोस. पण तू खरं मागितलंस. आणि तू औषध अर्धं केलंस हे वाचलं, म्हणून लगेच लिहितेय.

त्या दिवशी मी तुझ्या शब्दावर विश्वास ठेवला. ज्याने ते सांगितलं तो माझा भाऊ नव्हता. तो दुसरा परत आला तर त्याचाही आवाज ठामच असेल आणि मला इतक्या लांबून ओळखू येणार नाही. मला तो पुन्हा नको आहे. औषध पूर्ण घे, आणि आजच चिमणीसमोर घे.

तुझी,
ताई